दुपारची आई

१

लोकांच्या परसबागेत जाऊन त्यांचा विरस करणं, हे माझं काम आहे. पालिकेच्या उद्यान विभागाचं ओळखपत्र गळ्यात अडकवून मी फाटकातून आत शिरते, आणि घरातल्या माणसांनी मोठ्या हौसेनं वाढवलेल्या झुडपाकडे बोट दाखवून सांगते, की ही घाणेरी आहे. फुलं कितीही गोजिरवाणी असोत, दोन वर्षांत ही तुमचे गुलाब गिळून कुंपणापलीकडे जाणार. नुसती छाटून भागत नाही, छाटली की चौपट फुटते. बुंध्याखालचा गड्डा खणून काढा, फुलं-फळं गोणीत बांधा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. एवढं ऐकून झाल्यावर घरातली बाई सहसा चहाचा बेत रहित करते.

बाहेरून आलेलं प्रत्येक रोप वाईट नसतं, हेही मी सांगते. वाईट ते, जे दुसऱ्याची जागा घेतल्याशिवाय थांबत नाही.

मुंगी दोन वर्षांची झाल्यावर मी पुन्हा कामावर जाऊ लागले. मुंगी म्हणजे आमची लेक. तिला सांभाळायला दहा ते चार एक बाई यायच्या. वयानं माझ्याएवढ्याच, पण मुंगीच्या नात्यानं सगळ्यांच्याच मावशी. पहिला आठवडा मुंगी माझ्या पायाला मिठी मारून रडली, आणि मी बसस्टॉपपर्यंत रडत गेले. तिसऱ्या आठवड्यात मी बूट चढवून म्हटलं, "येते हं, मुंगी." ती मावशींबरोबर वाटाणे सोलत बसली होती. वर न बघता म्हणाली, "ये."

मला हायसं वाटायला हवं होतं. मी दाराबाहेर दोन मिनिटं उभी राहिले, आतून रडणं ऐकू येतं का ते बघत. आतून हसणं आलं.

२

खोटं कशाला बोलू, मावशींना नावं ठेवायला जागाच नव्हती. म्हणून मला ती शोधावी लागली.

"मावशी, 'दूदू' नको हं. 'दूध' म्हणा. तिची भाषा बिघडते."

"बरं, ताई."

"आणि झोपवताना पाठीवर थोपटता ना, तसं नको. आम्ही कपाळावरून हात फिरवतो. भुवईपासून वर."

"असा?" त्यांनी स्वतःच्याच कपाळावरून हात फिरवून दाखवला.

"जरा हळू."

"असा."

"हो."

झोपाळ्याचं एक गाणं त्या म्हणायच्या, शेवटी आवाज उंच चढायचा. झोपेच्या वेळी असली नाचरी गाणी नकोत, असं मी सांगितलं. खरं कारण असं, की रविवारी मी आंघोळ घालत असताना मुंगी तेच गाणं गुणगुणत होती. मावशी मान मागे टाकून, तोंड उघडून खळखळून हसायच्या. "मुंगी दचकते," म्हणाले मी. मुंगी दचकत नव्हती. त्या हसण्यावर ती लोळण घ्यायची.

फ्रीजवर मी एक कागद चिकटवला. मग दुसरा जोडला.

"राज्यघटना लिहितेयस का?" नवऱ्यानं विचारलं. "आज कितवी दुरुस्ती?"

"तुला काय होतंय बोलायला? तू असतोस का दिवसभर घरी?"

"तूही नसतेस," तो म्हणाला. हसत म्हणाला. मला ते हसत घेता आलं नाही.

मावशींचं एक होतं. कुठलीही गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागली नाही. नको म्हटलं, की ती त्यांच्यातून गेलीच. बोलताना हेल काढायच्या, तो गेला. केसांना लावायच्या त्या तेलाचा वास मला आवडत नव्हता, तोही गेला. दीड-दोन महिन्यांत कागद पुरा झाला आणि मला सांगण्यासारखं काही सुचेना.

३

त्याच सुमारास एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या बागेत गेले होते. तक्रार कुंपणावरच्या एका वेलीची होती, ते दहा मिनिटांत उरकलं. मग बाईंनी मला ओढत गाजराच्या वाफ्याकडे नेलं.

"माझ्या वाफ्यात एक परकी काडी दाखवा. बक्षीस देईन!"

वाफा खरोखर बघण्यासारखा होता. सगळी पानं एकसारखी, जाळीदार, हिरवीगार. मी सहज वाकून एक रोप उपटलं. खाली पांढरं, चिवट, सुतळीसारखं मूळ. रानगाजर. शेजारचं उपटलं, ते गाजर निघालं. तिसरं पुन्हा पांढरं. आठ वर्षं हेच काम करतेय, पण पानांवरून मला फरक सांगता येईना.

"बी कुठलं धरता, बाई?"

"घरचंच. दरवर्षी याच वाफ्यातलं."

"आणि तण काढता ते कसं?"

"रोज सकाळी, स्वतःच्या हातानं. वेगळं दिसलं की उपटलं. पान जरा रुंद दिसलं, उपटलं. देठ लालसर दिसला, उपटला."

"मग जी वेगळी दिसत होती ती सगळी गेली," मी म्हटलं. "दिसत नव्हती ती राहिली. दरवर्षी त्यांचंही बी तुम्ही धरलंत."

बाईंनी माझ्या हातातलं पांढरं मूळ घेऊन बोटांत फिरवून पाहिलं. मग एकदम हसल्या. "म्हणजे शाळा सुटल्यावरही माझी शिकवणी चालूच होती म्हणा की! आणि कार्टी शिकलीसुद्धा!" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आता ओळखायचं कसं हो?"

"उपटून."

"आणि गाजर निघालं तर?"

"तर ते गाजर होतं."

सगळा वाफा काढा, जमिनीवर वर्षभर काळं प्लास्टिक अंथरा, नवीन बी बाहेरून आणा, असं लिहून देऊन मी निघाले. घरी पोचल्यावर बूटही न काढता स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजवरचे दोन्ही कागद फाडून टाकले. का, ते मी स्वतःलाही सांगितलं नाही.

४

एका गुरुवारी ज्यांच्या बागेत जायचं होतं, त्यांनी फाटकाला कुलूप लावून कुत्रा मोकळा सोडला होता, त्यामुळे काम रद्द झालं. दीडच्या सुमाराला मी किल्लीनं घराचं दार उघडलं.

आतल्या खोलीत मी बोलत होते.

हे वाचायला कसं वाटतं ते मला कळतं. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हेच, आणि मला भीती वाटायच्याही आधी लाज वाटली. दुसऱ्याच्या खोलीत डोकावल्यासारखी.

मुंगीच्या पायाची बोटं तणांच्या नावांनी मोजायचा आमचा एक खेळ आहे. तो मी पांघरुणाखाली, तिच्या कानात कुजबुजून खेळते, कारण नवऱ्याच्या मते तो मुलीला शिकवण्यासारखा नाही. "ही घाणेरी. ही जलपर्णी. हे गाजरगवत. हा बेशरम." मग करंगळी धरून मी श्वास रोखते. मुंगी हसू दाबत वाट बघते. आणि मग, "ही आपली!"

आतला आवाज 'बेशरम'पर्यंत आला. थांबला. जेवढी मी थांबते तेवढाच थांबला.

"ही आपली!"

मी दारात गेले. मावशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मान जराशी डावीकडे कललेली. बाळंतपणापासून माझी मान धरते, तेव्हापासून मी तशी बसते. हे मी कुठल्याही कागदावर लिहिलं नव्हतं.

"लवकर आलात, ताई?"

"हा खेळ तुम्हाला कुणी शिकवला?"

"मुंगीनं." ओठ मिटूनच त्या हसल्या. हसण्याच्या बाबतीत मी सांगितलं होतं तसं.

"मान दुखतेय का?"

"थोडी धरलीये. तुमच्यासारखीच."

रात्री मी स्वतःची समजूत काढली. माणसं सहवासानं एकमेकांसारखी होतात. मुंगी पोपटासारखी बोलते, तिनंच सगळं पोचवलं असणार. मान कुणाचीही धरते. शिकलेली बाई आहेस, जरा शहाण्यासारखी वाग. सगळं पटलं. फक्त मावशींचा मूळ आवाज कसा होता तो आठवायला गेले, आणि माझाच आठवला.

५

"काल दुपारी किती छान बोललीस तू," नवरा दाढी करता करता म्हणाला.

"काल? मी तर दिवसभर बाहेर होते."

"अगं, घरच्या फोनवर. मी मुंगीचं विचारायला केला होता. तू म्हणालीस, काम लवकर संपलं."

घरचा फोन म्हणजे माझा जुना मोबाईल, मावशींजवळ असायचा तो. "मावशींनी उचलला असेल," मी म्हटलं.

"बायकोचा आवाज कळत नाही होय मला?" आरशातून माझ्याकडे बघत तो हसला. "कित्येक दिवसांनी तक्रार न करता बोललीस. मला बरं वाटलं, खरंच."

त्यानं ते प्रेमानं सांगितलं. मी टॉवेल घडी करत होते. ती घडी मी चार वेळा घातली. कुणीतरी माझ्या आवाजात माझ्या नवऱ्याशी बोललं याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. ती माझ्याहून चांगलं बोलली, ते आत कुठंतरी रुतलं.

मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "हो ताई, आला होता साहेबांचा फोन. मुंगी जेवली का विचारत होते. मी सांगितलं, जेवली." त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. काहीच नव्हतं. माझ्या मनात आलं, की हा चेहरा मीच स्वच्छ केलाय.

त्या रविवारी मावशी येणार नव्हत्या. मुंगी दुपारची झोपून उठली. मी शेजारीच होते. तिनं उशीवरून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी वाफ्याकडे बघते तसं.

"तू कुथली?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय गं राणी?"

"शकालची आई का दुपालची?"

"आई एकच असते," मी म्हटलं. माझा हात तिच्या कपाळावर होता.

तिनं थोडा विचार केला. "दुपालची पायजे," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

६

आमच्याही परसबागेत कुंपणालगत गाजरगवत उगवलं होतं. दिव्याखाली अंधार. ते फुलावर येण्याआधी काढावं लागतं, जमीन ओली असताना, हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि मावशींना मदतीला बोलावलं. मुंगी ओट्यावर बसून चिखलात चमचा बुडवत होती.

बराच वेळ आम्ही शेजारी शेजारी उकिडव्या बसून उपटत होतो. त्यांचा हात माझ्यासारखाच चालत होता, बुडाशी धरून, सरळ वर. मला शेवटी राहवेना.

"मावशी, ते झोपाळ्याचं गाणं म्हणा ना."

"कुठलं, ताई?"

"पहिल्या आठवड्यात म्हणायचात ते. शेवटी आवाज वर जायचा."

त्या थांबल्या. खरंच आठवायचा प्रयत्न करत होत्या. भुवया जवळ आल्या, ओठ जरा हलले. मग त्यांनी मान हलवली.

"ते आपण काढलं ना, ताई."

"काढलं म्हणजे झोपवताना नको म्हटलं होतं हो. पण तुम्हाला येत असेलच की. कुणी शिकवलं होतं? तुमच्या आईनं?"

"असेल." त्यांनी मुठीतलं गवत गोणीत टाकलं. "तिथं आता काही नाहीये."

हे त्या दुःखानं म्हणाल्या असत्या, तर मी त्यांना जवळ घेतलं असतं. टोमणा मारला असता, तर भांडले असते. त्या नुसतं सांगत होत्या, माझ्या आवाजात, मी एखाद्या बाईला 'इथं आता गड्डा उरला नाही' म्हणून सांगते तसं.

ओट्यावरून मुंगीनं हाक मारली, "आई!"

आम्ही दोघींनी मान वर केली.

७

"उद्यापासून नका येऊ," मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

"माझं काही चुकलं का, ताई?"

"नाही. काहीच चुकत नाही तुमचं."

त्या चपला घालून गेल्या. मी लांबलचक रजा टाकली. आता सकाळची, दुपारची, संध्याकाळची, सगळी आई मीच होणार होते. मनातून मला इतका आनंद झाला होता, की त्याचीच शरम वाटत होती.

पहिल्या दिवशी मुंगीनं घास तोंडातून बाहेर काढला. "अशं नाही. आई आधी फुंकल घालते."

मी फुंकर घातली.

"अशी नाही. छोती."

झोपवताना कपाळावरून हात फिरवला, तर तिनं तो दूर केला. "आई हलू कलते." मी हळू केला. "अजून हलू." गोष्ट सांगायला लागले, तर वाघाचा आवाज चुकला. हसले, तर माझ्या तोंडावर हात ठेवला. चिडचिड, हट्ट, रडणं असतं तर मला कळलं असतं. ती शांतपणे बघायची, कुठं वेगळं दिसतं ते, आणि सांगायची. ज्या ज्या गोष्टीला तिनं 'नाही' म्हटलं, ती मी सोडेपर्यंत मुंगी जेवायची नाही आणि झोपायची नाही.

"तीन दिवस झाले, पोरगी धड जेवत नाहीये," नवरा म्हणाला. "बोलावूया का त्यांना परत?"

"मी आई आहे तिची."

"मी कुठं नाही म्हणतोय?" तो म्हणाला. पण म्हणायच्या आधी त्यानं क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं.

"माझ्या हातून जेवेल ती. दोन दिवस दे मला."

मी शिकत होते. खरं सांगायचं तर अवघड नव्हतं. एकदा 'नको' म्हटलं, की ती गोष्ट सोडून द्यायची, एवढंच. सोडून दिली, की हलकं वाटायचं.

८

पाचव्या दिवशी मुंगी पोटभर जेवली. एकदाही 'नाही' म्हणाली नाही. खिडकीचा पडदा ओढून मी तिच्याजवळ आडवी झाले. तिनं माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मग माझं बोट मुठीत घट्ट धरलं.

"आई," ती म्हणाली, आणि झोपली.

याच एका शब्दासाठी मी गेले कित्येक महिने तडफडत होते. मी निवांत पडून राहिले. पडद्यातून दुपारचा पिवळा उजेड येत होता. पंख्याची कुरकुर. मान धरली नव्हती.

बाहेर कुलपात किल्ली फिरली. नवरा अवेळी आला होता. बैठकीतून त्याचा दबका आवाज आला, "झोपलीये वाटतं. या... ये ना आत." पाठोपाठ एका बाईचा आवाज, माझाच. घाईघाईचा, जरासा घोगरा, रडून आल्यासारखा. "जेवली का ती? माझ्याशिवाय जेवली?"

पावलं आली. दार अर्धं उघडलं, पडद्याच्या फटीतला उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला. बाकीचा अर्धा मला दिसला नाही, आणि दिसावा असंही वाटलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती मुंगीच्या मुठीकडे बघत होती, मुठीतल्या माझ्या बोटाकडे.

मूल शांत झोपलंय याचं तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिचा जबडा आवळलेला होता, आणि डोळ्यांत जे पेटलेलं होतं, ते मी कुणालाही कधी शिकवलेलं नाही. ते शिकवून येत नाही. ज्याचं काही हिरावलं जातंय, त्याच्याच आत ते उगवतं. ते दिसल्याबरोबर मी तिला ओळखलं. मुंगीची आई.

मग मी माझ्या आत शोधलं. सावकाश, कोपरान् कोपरा, जिथं जिथं ते इतके दिवस जळत होतं तिथं तिथं. नवऱ्याचं बोलणं आठवून पाहिलं. वाटाणे आठवले. दाराबाहेर ऐकलेलं हसू आठवलं.

काही नव्हतं. सगळीकडे स्वच्छ, भुसभुशीत, मोकळं.

"मी धरते आता तिला," ती म्हणाली, अगदी हळू, मुंगी उठू नये म्हणून.

मी माझं बोट मुंगीच्या मुठीतून अलगद सोडवून घेतलं, आणि भिंतीकडे सरकून तिला जागा करून दिली.